अलीच्या बागेतला शनिवार

आमच्या शाळेची परिसर भेट पूर्वी शुक्रवारी असे. ती शनिवारवर मी नेली. मुख्याध्यापकांनी तसे सुचवले नव्हते, वेळापत्रकाचीही काही अडचण नव्हती. आमच्या शेजारच्या मावशीला शनिवारी कोणतेही काम करता येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, आणि त्या माहितीचा मी उपयोग केला. कारण सांगायला एक शब्द पुरेल: मत्सर. तो शब्द मी इतकी वर्षे स्वतःशीसुद्धा उच्चारला नाही. शिक्षकाला आपल्या हलकेपणासाठी भारदस्त कारणे सहज सुचतात. मलाही सुचली होती.

मी अलिबागेत जन्मलो, इथेच शिकलो आणि इथल्याच एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत आता निवृत्तीच्या जवळ आलो आहे. वडील कोर्टात शिपाई होते. मावशीच्या सासरची नारळ-पोफळीची वाडी होती आणि त्या वाडीच्या मागच्या कुंपणाला लागून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मावशीचे कुटुंब बेने इस्रायल, म्हणजे इथले जुने यहुदी. गावातली वयस्क माणसे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. घाणा माझ्या जन्माआधीच गेला होता. शनिवार मात्र त्या घरात टिकून होता. शुक्रवारी सूर्य मावळला की तिथे कुणी विस्तवाला हात लावत नसे, तो थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत.

शनिवारी सकाळी त्यांची चूल पेटवायला मी जात असे. मावशी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. कुंपणाशी येऊन ती हाक मारी, पण "चूल पेटव" असे कधी म्हणत नसे, कारण त्या दिवशी काम सांगणेही त्यांच्यात बसत नसे. "थंडी वाजतेय रे आज," एवढेच म्हणे. ऐन वैशाखातही म्हणे. मग मी कुंपणातल्या फटीतून आत जायचो, सुकी झावळी मोडून चुलीत सारायचो, काडी ओढायचो आणि धूर डोळ्यांत जाऊन पाणी आले की मावशी हसायची. चहा तयार झाला की पहिला कप माझा.

यातले मोल मला पुढे कळले. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला होता, तरी आमच्या घरातल्या पोराला थेट स्वयंपाकघरात नेणारी घरे त्या काळी आळीत फार नव्हती. या घरात मी चुलीपर्यंत जात होतो. ज्या माहितीने मला त्या चुलीजवळ नेले, तीच मी पुढे मावशीला दूर ठेवायला वापरली.

मावशीच्या वाडीत एक विहीर आहे. जांभ्या दगडाची, रुंद तोंडाची, एका बाजूला मोडक्या रहाटाचे दोन खांब उभे असलेली. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी पाचवीच्या मुलांची परिसर भेट सुरू केली. कोर्टाची इमारत, बंदर, किनाऱ्यावरून दिसणारा किल्ला आणि शेवटी ही विहीर. 'आपल्या शहराला हे नाव कसे पडले' हा धडा मी विहिरीपाशी घ्यायचा, असे ठरले होते. पहिल्या वर्षी मी अर्धाअधिक सांगून झाल्यावर मावशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मास्तर, पोरं उन्हात कोमेजली. त्यांना सावलीत बसव. पुढचं मी सांगते." त्या दिवसापासून तो धडा तिचा झाला.

रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगायला सुरुवात झाली की मुले विचारू लागत, "सर, मावशीकडं कधी?" ती काठावर बसे आणि सुरुवात नेहमी समुद्रापासून करी.

"एवढा समुद्र समोर, आणि प्यायला घोटभर पाणी नाही. मग माणसानं काय करायचं?"

"बाटली घ्यायची!" एखादा ओरडे.

"अलीला बाटली मिळायला दुकान कुठलं रे? त्याच्याकडे होती पहार. इथं खणलं, खारं लागलं. तिथं खणलं, खारं. लोक हसले. म्हणाले, याला समुद्रानंच पाठवलाय, दुसरं काय लागणार? पण हा खणतच राहिला. आणि शेवटी लागलं गोडं पाणी. मग त्यानं आंबे लावले, नारळ लावले. गलबतं किनाऱ्याला लागायची. खलाशी एकमेकांना विचारायचे, कुठं चाललास? अलीच्या बागेत, पाणी भरायला. तू कुठं? मीपण अलीच्या बागेत. असं रोज विचारून विचारून गावाला नाव पडलं. राजानं ठेवलं नाही. तहानलेल्या माणसांच्या तोंडात बसलं ते राहिलं."

वाडीच्या फाटकाशी शहाळ्यांची गाडी लावणारे चाचा तिथूनच ओरडत, "मावशी, पोरांना उलटंसुलटं सांगू नको. अली आमचा. नावच सांगतंय."

"तुझा तर तुझा. मग त्याच्या झाडाची शहाळी पोरांना फुकट दे."

"झाडं तुझ्या वाडीतली आणि फुकट मी देऊ?"

"वाडी माझी, मग अली कुणाचा झाला?"

चाचा कोयता खाली ठेवून हसत आणि दोन-चार शहाळी खरेच फोडून देत. हा वाद मी दरवर्षी ऐकला. बेने इस्रायल म्हणतात अली त्यांचा, मुसलमान म्हणतात त्यांचा. पुरावा कुणाकडेच नाही. जुन्या सरकारी नोंदींतही ही गोष्ट 'असे सांगतात' एवढ्यावर सोडलेली आहे. मी ते सगळे शोधून वाचले होते. या विषयावर मी जितके वाचले तितके आळीत कुणी वाचले नसेल, असा मला अभिमान होता.

मावशीची गोष्ट दरवर्षी बदलत असे, आणि हीच माझी मुख्य तक्रार होती. वर्गात जी मुले असतील त्यांच्या घरची माणसे तिच्या गोष्टीत अलीच्या बागेत येऊन कामाला लागत. एका वर्षी थळच्या कोळीवाड्यातल्या एका मुलाने विचारले, "मावशी, आमचा आजा पन होता काय बागेत?"

"होता म्हणजे? तुझ्या आजाशिवाय अली जेवला असता काय? ताजी मासळी तोच आणायचा. पण रागीट फार. अलीनं भाव करायला तोंड उघडलं की टोपली डोक्यावर घेऊन चालू पडायचा."

"आमचा आजा अजून तसाच हाय!" मुलगा उडी मारून म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

नागावच्या एका मुलीच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या होत्या. मावशीने अलीचे पाहुणे नागावला तिच्याच पणजीकडे उतरवले. कुणाचे वडील ट्रक चालवत. त्यांचा कुणी पूर्वज नारळाची बैलगाडी बंदरावर नेऊ लागला. मुले आपापला माणूस मिळवून घरी जात. जाण्याआधी मावशी सगळ्यांच्या ओंजळीत गोड पोहे घाली. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि वर केळ्याच्या चकत्या. मी एकदा त्याला मलिदा, म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद, म्हणालो तेव्हा तिने मला दुरुस्त केले.

"मलिद्याला दुवा लागते आणि दुवेला आमची दहा पुरुषमाणसं. दहा जमवायची तर आता मुंबईहून आणावी लागतील. हे आपले नुसते गोड पोहे." मुले त्याला 'अलीचे पोहे' म्हणत.

परीक्षेत मी दरवर्षी प्रश्न घालत असे: आपल्या शहराला नाव कसे पडले? मी वर्गात दोन्ही परंपरा, त्यांच्या मर्यादा आणि पुराव्याचा अभाव असे तीन मुद्दे लिहून दिले होते. उत्तरपत्रिकांत पहार असे, हसणारे लोक असत, तहानलेले खलाशी असत. त्या थळच्या मुलाने लिहिले होते, 'अलीच्या बागेत माझे आजोबा मासे नेत असत व ते रागीट होते.' मी त्या उत्तराला एकही गुण दिला नाही. लाल पेनाने शेजारी लिहिले: आधार? पाचवीतल्या मुलाला मी आधार विचारत होतो. पेन ठेवल्यावर मला क्षणभर बरे वाटले. त्या बरे वाटण्याचीच मला आज सर्वांत अधिक लाज वाटते.

माझी मुलगी त्याच शाळेत होती. तीही त्या वर्गातून गेली. त्या दिवशी जेवताना तिने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, चाचांच्या आवाजासकट. मी म्हणालो, "यातलं बरंचसं मी तुम्हांला आधीच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगता ती माहिती असते, बाबा," ती सहज म्हणाली. "मावशी सांगते ती गोष्ट."

बायको हसली. मीही हसलो. पण तो घास मी बराच वेळ चावत राहिलो.

एका वृद्ध बाईचा इतका हेवा का वाटावा, याचा विचार मी आता करतो. मुले तिच्याकडे पाहत तशी माझ्याकडे कधी पाहत नसत, हे एक कारण होते. त्याच्या खाली दुसरे होते. मावशीला अली होता, चाचांनाही होता. शहराच्या नावात त्यांचे कुणीतरी होते आणि ते त्यावरून भांडू शकत होते. दर वर्षी वर्गातली मुलेही आपला आजा, आपली पणजी तिथे बसवून येत. त्या बागेत माझ्या घरचे कुणी नव्हते. मी काठावर हजेरीपट घेऊन उभा असे. प्रौढ माणसाने, त्यातही शिक्षकाने, 'आमचा आजा होता का?' असे कसे विचारावे?

आणि आजोबांचे मला ठाऊक होते. ते जवळच्या खेड्यातून जळाऊ लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन अलिबागेत विकायला येत. तहान लागली तर विहिरीपासून लांब उकिडवे बसून ओंजळ पुढे करत, आणि कुणी वरून पाणी ओतले तर पीत. मावशीच्या गोष्टीत मात्र अली सगळ्यांना पाणी देत होता. हे खोटे आहे, मुलांना खोटे शिकवले जाते आहे, असे मी स्वतःला बजावू लागलो. आजोबांचे दुःख खरे होते. मी ते माझ्या मत्सराच्या अंगावर पांघरूण म्हणून घातले. खऱ्या दुःखाचा असा उपयोग करणे हा आजोबांचाही अपमान होता, हे तेव्हा मनात आले नाही.

एका वर्षी परिसर भेटीच्या आधी मी मावशीच्या ओटीवर गेलो. ती सुपारी कातरत होती.

"मावशी, यंदापासून भेट शनिवारी ठेवलीय."

तिचा अडकित्ता थांबला. "शनवारी? अरे, तुला ठाऊक आहे ना?"

"माझ्या हातात नाही. वरून ठरलंय. शनिवारी सकाळची शाळा असते, तेच सोयीचं पडतं म्हणाले."

मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता सुपारीच्या ताटाकडे पाहत होतो. मग ती म्हणाली, "असू दे. शाळेचं शाळेनं बघायचं. तू सांग त्यांना गोष्ट. तुला सगळी येते." आणि जरा थांबून, "शनवार आमचा दुवेचा दिवस. पोरांना धडा देणं, त्यांचं करणं हे कामच झालं, ते त्या दिवशी करता यायचं नाही. पोहे शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तुझ्याकडे पाठवीन. रात्रभर राहतात ते."

पोहे आले. पितळेच्या मोठ्या डब्यात, केळीचे पान झाकून, खोबरे वेगळे. शनिवारी मुलांना मी विहिरीवर नेलेच नाही. किनाऱ्याजवळच्या बागेत बाकांवर बसवले. माझे टिपण तयार होते. मी दोन्ही परंपरा सांगितल्या, मर्यादा सांगितल्या. मुले समुद्रात धावणाऱ्या बोटींकडे आणि वाळूतल्या घोडागाडीकडे पाहत राहिली. शेवटी मी पोहे वाटले. एका मुलीने विचारले, "सर, हे तुमच्या घरचे?" मी "हं" म्हणालो. दुसऱ्या एकाने विचारले, कारण त्याच्या थोरल्या भावाने त्याला सांगितले होते, "सर, ती गोष्ट सांगणारी मावशी?" मी म्हणालो, "त्यांना आता झेपत नाही."

डबा रिकामा परत करू नये म्हणून बायकोने त्यात पांढरे कांदे घातले. मावशीने तो घेताना विचारले, "आवडले का पोरांना?"

"हो."

"विचारलं कुणी?"

"विचारलं ना. सगळ्यांनी विचारलं."

तिने कांदा हातात घेऊन त्याची साल नखाने सोलली आणि म्हणाली, "चला, बरं झालं."

पुढे दरवर्षी तसेच होत राहिले. डबा येई आणि कांदे भरून परत जाई. नव्या मुलांनी मावशीला पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी विचारायचेही थांबले. आता धडा पूर्णपणे माझा होता. मत्सर शमायला हवा होता, तो शमला नाही. उत्तरपत्रिकांत माझेच तीन मुद्दे माझ्याच शब्दांत येऊ लागले, आणि ते तपासताना मी नकळत पहार शोधत असे. एका वर्षी एक मुलगा बाकावरून इकडेतिकडे पाहून म्हणाला, "सर, पण बाग कुठंय?" मी त्याला सांगितले की बाग आता राहिलेली नाही. हे मी मावशीच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर उभा राहून सांगितले. आणि 'आमचा आजा होता का?' असे मला एकाही मुलाने कधी विचारले नाही.

यंदा कांद्याच्या माळा लागायच्या आधीच आळीत बातमी आली की मावशीची वाडी विकली. तिचा मुलगा कित्येक वर्षे इस्रायलमध्ये आहे. तो तिला कायमची न्यायला येणार होता. घेणारे मुंबईचे. त्यांना सुट्टीचे घर बांधायचे आहे. विहिरीवर सिमेंटचे झाकण घालून शेजारी पोहण्याचा तलाव करणार, असे चाचांनी सांगितले. सांगताना त्यांनी शहाळे जरा जास्तच जोरात तासले.

मी मावशीला भेटायला गेलो. ओटीवर बांधलेली बोचकी होती. तिने मला आत चुलीपाशी नेले. चुलीच्या जागी आता गॅसचा ओटा आहे, पण ती त्या कोपऱ्याला अजून चूलच म्हणते.

"एक मागू का रे?" ती म्हणाली. "या वर्षी एक शुक्रवार मिळेल का? जायच्या आधी एकदा पोरांना विहिरीवर बघायचंय. तुझ्या वरच्या साहेबांना विचारून बघ. म्हणावं, म्हातारी चाललीय, पुन्हा त्रास देणार नाही."

वरचे कोणी साहेब नव्हते. तो साहेब मीच होतो. मी म्हणालो, "विचारतो."

मग तिने स्वतःच आजोबांचा विषय काढला. मी विचारले नव्हते. "तुझ्या आजोबांना माझ्या सासऱ्यांनी रहाटाजवळ येऊ दिलं नव्हतं. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं एकदा. आळीत सगळीकडे तसंच होतं, पण आमच्या घरातही होतं. म्हणून मी गोष्टीत अलीला सगळ्यांना पाणी द्यायला लावते. झालं ते काही परत करता येत नाही. गोष्टीत तरी नीट करून घेते."

ज्याला मी इतकी वर्षे खोटे म्हणत होतो, ते तिने जाणूनबुजून आणि माझ्याच घराकडे पाहून केले होते. मी घोटभर चहा घेतला आणि उठलो.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "मावशीला शुक्रवार हवाय. विचारावं लागेल."

"कुणाला?" ती कणीक मळत होती. "ठरवता तर तुम्हीच."

मग हात न थांबवता ती म्हणाली, "आणि मावशीला हे कधी कळलं नसेल, असं वाटतं तुम्हांला?"

शुक्रवार ठरवायला मला एकच वाक्य पुरे झाले. मुख्याध्यापकांना सांगितले, ते "हो, हो, जशी तुमची सोय" म्हणाले. इतकी वर्षे तेवढेच लागणार होते.

त्या शुक्रवारी दुपारी मुलांना घेऊन गेलो. फाटकाशी चाचांनी गाडी बंद ठेवली होती आणि ते विहिरीपाशी आधीच येऊन बसले होते. मावशीने पांढरे लुगडे नेसले होते. पोह्यांचा पितळी डबा तिच्या शेजारी. आवाज खोल गेला होता, पण समुद्रापासून सुरुवात केल्यावर तो हळूहळू वर आला. पहार आली, लोक हसले, गोडे पाणी लागले. मुले विहिरीत वाकून वाकून पाहत होती. एकीचे वडील बंदरावर बोटीची तिकिटे देत. तिचा पूर्वज गलबतांची रांग लावू लागला. सगळ्यांना आपापला माणूस मिळून झाला तेव्हा मी डबा उघडायला पुढे झालो. मावशीने हात वर करून मला थांबवले.

"थांब. एक माणूस राहिला. तो दरवर्षी राहायचा." ती मुलांकडे वळली. "अली मोठा माणूस होता, पण आठवड्यातून एक दिवस त्याला विस्तव पेटवता यायचा नाही."

चाचांनी मान वर केली. "म्हणजे तुझाच करून टाकलास की गं त्याला!"

"आजच्या दिवस होऊ दे. उद्यापासून तुझ्यावरच सोडून जातेय. सांभाळ."

"बरं," चाचा म्हणाले. "आजच्या दिवस तुझा." आणि त्यांनी तोंड फिरवून नारळाच्या झाडांकडे पाहिले.

"तर अलीला चहा कोण देणार?" मावशी पुढे म्हणाली. "मागच्या कुंपणातून एक पोरगा यायचा. एवढासा. त्याला कुणी पेटव म्हणायचं नाही. आज थंडी वाजतेय, इतकं म्हटलं की त्याला कळायचं. सुकी झावळी मोडायचा, काडी ओढायचा. डोळ्यांत धूर जायचा त्याच्या, पण कधी कुरकुरला नाही. त्या दिवशी बागेतला पहिला धूर त्याच्या हातचा. म्हणून अलीनं सांगून ठेवलं होतं, या विहिरीचं पाणी आधी त्यानं प्यायचं. मग बाकीच्यांनी."

"कोण होता तो?" एका मुलाने विचारले.

"तुमच्या सरांना विचारा."

सगळी मुले माझ्याकडे वळली. कित्येक वर्षे मला ज्याचा हेवा वाटत होता, ते मावशीने मी न मागताच माझ्यापुढे ठेवले होते, आणि ते घेण्याचा मला अधिकार नव्हता. हजेरीपट मी काठावर ठेवला. माझा आवाज मुळातच हळू आहे. तो शेवटच्या मुलापर्यंत जावा म्हणून मला प्रयत्न करावा लागला.

"तो मुलगा मी होतो," मी म्हणालो. "आणि भेट शनिवारी नेणारा माणूसही मीच आहे. शाळेनं तसं कधी सांगितलं नव्हतं, मावशी. वरचं कुणी नव्हतं. तुला शनिवारी काम करता येत नाही हे मला तुझ्या चुलीनं शिकवलं होतं, आणि तेच मी तुझ्याविरुद्ध वापरलं. मुलं तुझं ऐकतात, माझं ऐकत नाहीत, हे मला सहन झालं नाही. तू पाठवलेले पोहे मी माझ्या घरचे म्हणून वाटले. तुला आता झेपत नाही असं मुलांना सांगितलं. सगळ्यांनी तुझी आठवण काढली असं तुला सांगितलं, तेही खोटं होतं. मी त्यांना तुझं नावही कळू दिलं नाही. माझ्यापायी तुझी ही सगळी वर्षं गेली, आणि या मुलांच्या आधीच्या कितीतरी मुलांचीही गेली. मावशी, मी चुकलो. मला माफ कर."